अल्बमचं कव्हर आवडतं, म्हणजे त्यातलं नेमकं काय?

चौकोनी

आवडतं कव्हर कुठलं असं विचारलं की ठरलेली दहा नावं येतात आणि पुढे "कसलं भारी आहे" एवढंच. त्यापुढचं ऐकायचं आहे. एखादं कव्हर घ्या आणि सांगा, ते नजरेत का भरतं, बनवताना काय अडलं, आणि पुठ्ठ्यावर उतरताना त्याचं काय झालं. चित्रकाराचं, छायाचित्रकाराचं नाव ठाऊक असेल तर आवर्जून द्या. गाणाऱ्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात, यांची कुणाला नसतात.

सुरुवात मी करतो. पिंक फ्लॉइडचं 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३). संकल्पना हिप्नोसिस या स्टुडिओची, म्हणजे स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल यांची, रेखाटन जॉर्ज हार्डी यांचं. प्रिझमचं कौतुक सगळेच करतात, पण खरी करामत कडांवर आहे. पांढरा किरण डाव्या कडेतून आत येतो, रंगांचा पट्टा उजव्या कडेतून बाहेर जातो. कव्हर उघडलं की तोच पट्टा आत चालू राहतो, त्यात हृदयाच्या ठोक्याची रेघ उमटते, आणि मागच्या बाजूला उलट्या प्रिझममधून त्याचा पुन्हा पांढरा किरण होतो. म्हणजे उघडी कव्हरं शेजारी शेजारी मांडली तर साखळी कुठेच तुटत नाही. (मागचा प्रिझम पाहून भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी मार्क कापले असते, ते सोडा.) पट्ट्यात रंग सहाच आहेत, पारवा गाळलेला आहे. टी-शर्टवर सात रंग दिसले की समजावं, कुणीतरी आठवणीतून काढलंय.

दोन उपप्रश्न. बारा इंची कव्हरवर जे खुलतं ते फोनवरच्या नखाएवढ्या चौकोनात का मरतं? आणि जुनं कव्हर भिंतीवर लावायचं तर खराब न होता कसं लावावं?

रेघोट्या

जॉय डिव्हिजनचं 'अननोन प्लेझर्स' (१९७९). मांडणी पीटर सॅव्हिल यांची, चित्र मात्र खगोलशास्त्रातून आलेलं. सीपी १९१९ हा सापडलेला पहिला पल्सर, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ संकेत देणारा तारा. १९६७ साली जोसेलिन बेल यांना त्याचे संकेत दिसले, दर १.३३७ सेकंदांनी एक. हॅरल्ड क्राफ्ट यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या १९७० च्या प्रबंधात असे ८० संकेत एकाखाली एक रचून आलेख काढला. तो पुढे केंब्रिजच्या खगोलशास्त्र कोशात छापला गेला आणि तिथून बँडच्या हाती लागला. कोशात पांढऱ्यावर काळ्या रेघा होत्या, सॅव्हिल यांनी त्या उलटवून काळ्यावर पांढऱ्या केल्या. पुढच्या बाजूला बँडचं नाव नाही, अल्बमचंही नाही.

हे चित्र डोंगररांगांसारखं का भासतं? क्राफ्ट यांच्या प्रोग्रॅममध्ये पुढची रेघ उंच उठली की मागच्या रेघेचा तेवढा भाग झाकला जायचा. एवढ्या एका गोष्टीने सपाट आलेखाला खोली येते. घरी काढून पाहणाऱ्यांचं नेमकं इथेच चुकतं, म्हणून कृती देतो:

- ८० रेघा, प्रत्येकीत साधारण ३०० बिंदू. दोन्ही टोकांना अगदी बारीक थरथर, मधल्या तिसऱ्या भागात उंच शिखरं.
- सगळ्यात वरची, म्हणजे सगळ्यात मागची रेघ आधी काढायची. रेघेखालचा भाग काळ्याने भरायचा, मग रेघ पांढरी. त्यानंतर खालची. हा क्रम उलटा झाला की शिखरं आत गेलेली दिसतात, आणि काळं भरायचं राहिलं तर नुसतं जाळं होतं.
- शिखराची उंची दोन रेघांमधल्या अंतराच्या चार-पाच पट असू द्या. त्याहून कमी ठेवली तर चित्र ईसीजीच्या पट्टीसारखं दिसतं.
- शिखरं दोन्ही बाजूंनी सारखी करू नका आणि वळणं गुळगुळीत करू नका. खऱ्या नोंदीतला खडबडीतपणाच इथे चित्र आहे.

छापायचं असेल तर आणखी एक. काळ्यावरची पांढरी रेघ म्हणजे न छापलेला कागद. शाई थोडी पसरतेच, त्यामुळे रेघ आपोआप बारीक होते. अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक रेघ ठेवली तर ती मध्येमध्ये बुजते. आणि गडद काळ्यासाठी चारही शाया (निळी, गुलाबी, पिवळी, काळी) एकावर एक दिल्या तर जरा जरी प्लेट सरकली, रेघेच्या कडेला निळी-गुलाबी झालर दिसते. अशा कामाला एकटी काळी शाई घ्यावी, फिकी वाटली तर तीच दोनदा मारावी.

पुठ्ठेवाला

चित्रांबद्दल बोलणारे खूप भेटतील, मी पुठ्ठ्याबद्दल बोलतो. कव्हर ही वस्तू आहे हे ज्यांनी ओळखलं त्यांचीच कव्हरं माझ्या यादीत.

याची सुरुवात ॲलेक्स स्टाइनवाइस यांच्यापासून. त्यांच्याआधी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या करड्या-तपकिरी बाडात विकल्या जायच्या, कण्यावर फक्त नाव. कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये कलादिग्दर्शक असताना १९४० च्या सुमारास त्यांनी त्यावर चित्रं आणली. १९४८ मध्ये एलपी आली तेव्हा तिच्यासाठी घडीच्या पुठ्ठ्याचं पाकीटही त्यांनीच बसवलं.

रोलिंग स्टोन्सचं 'स्टिकी फिंगर्स' (१९७१): कल्पना अँडी वॉरहॉल यांची, प्रत्यक्षात आणलं क्रेग ब्राउन यांनी. जीन्सच्या फोटोवर खरीखुरी चेन. गठ्ठे रचून पाठवताना चेनची चावी शेजारच्या तबकडीत रुतायला लागली आणि खोबणींवर खड्डे पडले. उपाय असा की पाठवण्यापूर्वीच चेन अर्धी खाली ओढून ठेवायची, म्हणजे दाब पडला तरी तो मधल्या लेबलवर पडेल, जिथे गाणं नसतं. जुनी प्रत असेल तर आजही चेन मध्यावरच ठेवा, आणि ती प्रत कधीही आडवी रचू नका.

लेड झेपलिनचं 'फिजिकल ग्राफिटी' (१९७५) तर डाय-कटिंगचा, म्हणजे साच्याने पुठ्ठा कापण्याचा, धडाच आहे. न्यूयॉर्कमधल्या सेंट मार्क्स प्लेसवरच्या जुळ्या इमारतींचा फोटो, खिडक्या कापलेल्या, आणि आतलं पाकीट फिरवून घातलं की खिडक्यांत वेगळी माणसं किंवा अल्बमच्या नावाची अक्षरं. खरी इमारत पाच मजली आहे. चौकोनात बसेना म्हणून मधला एक मजला उडवला, आणि सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. असं काही करायचं झालं तर तीन गोष्टी पाळाव्या लागतात. दोन खिडक्यांमधली पट्टी निदान ३ मि.मी. हवी, नाहीतर पाकीट आत-बाहेर करताना ती फाटते. आतलं चित्र खिडकीच्या चारही बाजूंना २-३ मि.मी. जास्त असावं, कारण डाय मिलिमीटरभर सरकतेच. आणि आतल्या पाकिटाचे कोपरे गोल करावेत, टोकदार कोपरा बरोबर खिडकीत अडकतो.

डुरुट्टी कॉलमच्या पहिल्या अल्बमच्या (१९८०) सुरुवातीच्या प्रती सँडपेपरच्या पाकिटात होत्या, शेजारची कव्हरं घासली जावीत याच हेतूने. कल्पना म्हणून हसू येतं, कपाटात मात्र तिला स्वतंत्र जाड पिशवी द्या. पब्लिक इमेज लिमिटेडचं 'मेटल बॉक्स' (१९७९) फिल्मच्या गोल डब्यात आलं, आत तीन तबकड्या इतक्या घट्ट की बोटं घालायला जागा नाही. डबा हळूच उपडा करून तळहातावर घ्यायचा, नखाने उचकटायचं नाही.

न्यू ऑर्डरचं 'ब्लू मंडे' (१९८३) इथे बसत नाही, तो बारा इंची सिंगल आहे. पण फ्लॉपी डिस्कसारखी भोकं पाडलेलं ते पाकीट सॅव्हिल यांचंच. नावही अक्षरांत नाही, कडेच्या रंगांच्या ठोकळ्यांत दडवलंय, आणि ते सोडवायची किल्ली त्याच वर्षीच्या 'पॉवर, करप्शन अँड लाइज'च्या मागच्या रंगचक्रात. पुढे मात्र फांतँ-लातूर यांचं १८९० चं गुलाबांचं चित्र. या जोडीसारखी जोडी मला दुसरी माहीत नाही.

उलटतपासणी

@पुठ्ठेवाला, माहिती एक नंबर, निष्कर्ष मान्य नाही. चेन, खिडक्या, डबे ही कौतुकाची कारागिरी आहे, पण दहाव्यांदा हातात घेतल्यावर चेनकडे कोण बघतं? टिकतो तो फोटो आणि त्याची काटछाट.

क्लॅशचं 'लंडन कॉलिंग' (१९७९) घ्या. पॉल सिमोनन गिटार आपटतोय. पेनी स्मिथ यांना आपला हा फोटो वापरायला नको होता, कारण फोकस गेलाय. पण चेहरा दिसत नाही, फिल्मचे कण फुटलेत, पाठ कमानीसारखी वाकलेली, म्हणूनच तो क्षण वाटतो. नीट फोकस असता तर तो एका माणसाचा फोटो झाला असता. त्याभोवती रे लोरी यांनी गुलाबी आणि हिरवी अक्षरं लावली, एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५६ च्या पहिल्या अल्बमची उघड आठवण. तिथे गिटार वाजतेय, इथे फुटतेय. हे कळायला पाठ्यपुस्तक लागत नाही.

बीटल्सचं 'ॲबी रोड' (१९६९) सुद्धा तसंच. इयन मॅकमिलन यांनी ८ ऑगस्टला रस्त्याच्या मधोमध शिडी लावून सहा फोटो काढले. निवडला तो पाचवा, कारण चौघांच्या पायांची कैची फक्त त्यातच एकसारखी उघडलेली आहे. बाकीचे पाच शोधून शेजारी ठेवा, त्यांत कुणाचं ना कुणाचं पाऊल चुकलेलं आहे. शिडी नसती तर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे एकमेकांत मिसळले असते. उंचीमुळे ते सुटे सुटे दिसतात आणि माणसं त्यांवर मांडल्यासारखी उभी राहतात. नाव न छापण्याचा निर्णय कलादिग्दर्शक जॉन कॉश यांचा.

आणि पिंक फ्लॉइडचं 'विश यू वर हिअर' (१९७५). दोघं हस्तांदोलन करताहेत, त्यांतला जळणारा माणूस खरा जळतोय. स्टंटमन रॉनी रॉन्डेल, सुटाच्या आत अग्निरोधक कपडे, डोक्यावर टोपडं आणि त्यावर विग. वारा उलटा आला आणि ज्वाळा तोंडावर येऊन मिशा भाजल्या. मग दोघांनी जागा बदलल्या, आणि छापताना फोटो डावा-उजवा उलटवला. ज्वाळा शरीरापासून मागे जाताना दिसतात, त्यामुळे तो माणूस निर्विकार वाटतो. तीच तर सगळी गंमत. याच पठडीत त्यांचंच 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' (१९८७), डेव्हनच्या किनाऱ्यावर सातशेच्या आसपास खऱ्या खाटा, पहिल्या खेपेला पावसाने सगळं गुंडाळायला लावलं. संगणकावर एक खाट सातशे वेळा चिकटवली की प्रत्येक चादरीची सुरकुती सारखी येते. डोळा ते पकडतो, कारण सांगता आलं नाही तरी.

पण खऱ्याचं फार स्तोमही नको. त्यांच्याच 'ॲनिमल्स'च्या (१९७७) कव्हरवरचं डुक्कर जोडलेलं आहे. डिसेंबर १९७६ मध्ये लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर डुकराच्या आकाराचा खरा फुगा आणला होता. पहिल्या दिवशी तो उडालाच नाही, आकाश मात्र अप्रतिम होतं. दुसऱ्या दिवशी दोर तुटून तो विमानांच्या वाटेत गेला. तिसऱ्या दिवशी उडाला तर आकाश फिकं. शेवटी पहिल्या दिवसाच्या आकाशात तिसऱ्या दिवसाचं डुक्कर बसवलं.

पुठ्ठेवाला

@उलटतपासणी, 'विश यू वर हिअर' तुम्हीच आणलंत म्हणून. तो फोटो दुकानात दिसतच नव्हता. पूर्ण कव्हर अपारदर्शक काळ्या आवरणात बंद होतं, वर फक्त जॉर्ज हार्डी यांचं यांत्रिक हस्तांदोलनाचं स्टिकर. अल्बमचा विषयच अनुपस्थिती, तर कव्हरही गैरहजर. आता सांगा, ते पॅकेजिंग की चित्र?

उलटतपासणी

तो गुण तुमचा.

नखाएवढं

पहिल्या उपप्रश्नाचं उत्तर. कव्हर फोनवर टिकेल का हे बघायची साधी चाचणी: चित्र ६४ पिक्सेलवर आणा, रंग काढून टाका, आणि हातभर अंतरावरून बघा. एकच आकार ओळखू आला तर पास. प्रिझम, पल्सरच्या रेघा, झेब्रा क्रॉसिंग, तिन्ही पास होतात. ब्लू नोट या कंपनीची जॅझ कव्हरंही होतात. ती रचणाऱ्या रीड माइल्स यांच्याकडे फ्रान्सिस वुल्फ यांचे कृष्णधवल फोटो आणि बऱ्याचदा दोनच शाया. त्यामुळे एक रंग, एक निर्दय काटछाट आणि मोठी अक्षरं एवढाच मार्ग होता. जॅकी मॅक्लीनच्या 'इट्स टाइम!'वर फोटो अगदी लहान आहे, उरलेलं सगळं कव्हर उद्गारचिन्हांनी भरलंय. फोनवरही ते ओरडतं.

मरतात ती तीन प्रकारची.

पहिली, जी मुळात दुप्पट रुंद आहेत. माइल्स डेव्हिसच्या 'बिचेस ब्रू'वरचं (१९७०) माटी क्लारवाइन यांचं चित्र पुढून मागे सलग आहे, काळा आणि गोरा हात कण्यावरच एकमेकांत गुंफलेले. स्क्रीनवर फक्त पुढचा अर्धा भाग येतो, म्हणजे अर्धं वाक्य.

दुसरी गर्दीची. बीटल्सचं 'सार्जंट पेपर' (१९६७), पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी खऱ्या उंचीचे कटआउट उभे करून रचलेला देखावा, फोटो मायकल कूपर यांचा. बारा इंचांवर चेहरे ओळखत तासभर जातो. लहान केलं की मधला ढोल आणि चार झगमगीत कोट सोडले तर सगळा चुरा.

तिसरी स्पर्शाची. बीटल्सचाच 'व्हाइट अल्बम' (१९६८), रिचर्ड हॅमिल्टन. पांढऱ्यावर पांढरं, नाव शाईविना उठवलेलं आणि किंचित तिरकं, खाली प्रत्येक प्रतीचा स्वतंत्र क्रमांक. सगळं कव्हर बोटांसाठी आहे. स्क्रीनसाठी ते नाव करड्या अक्षरांत छापावं लागतं, आणि मग ते नुसतं रिकामं पान वाटतं.

स्वतः कव्हर करणाऱ्यांसाठी मापं. डिजिटलसाठी सहसा ३००० × ३००० पिक्सेल, आरजीबी (स्क्रीनचे रंग). एलपीचं पाकीट साधारण ३१५ मि.मी., चारही बाजूंना ३ मि.मी. ब्लीड (कापून जाणारी जादा कड), ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुमारे ३७९० पिक्सेल, सीएमवायके (छपाईच्या चार शाया). ३००० ची फाइल ताणून एलपीला वापरली तर सुमारे २४० डीपीआय पडतात. फोटोला चालून जातं, बारीक अक्षरांना नाही. म्हणून मोठ्या मापात काम करून लहान करा. आणि झगझगीत निळा, पोपटी, नारिंगी हे रंग स्क्रीनवर दिसतात तसे चार शायांत येतच नाहीत. ते हवेच असतील तर स्वतंत्र स्पॉट रंग (वेगळी तयार शाई) मागा.

भिंगवाला

भिंतीवर लावण्याबद्दल.

तबकडी आधी बाहेर काढा. उभ्या फ्रेममध्ये तिचं वजन खालच्या शिवणीवर येतं, पाकीट फाटतं आणि तबकडीही वाकते. फ्रेमचा आतला चौकोन ३१७ मि.मी.च्या आसपास हवा, अगदी मापात बसवलात तर दमट हवेत पुठ्ठा फुगून पोक येतो. काच छपाईला टेकता कामा नये, मध्ये ३ मि.मी.ची पट्टी ठेवा, नाहीतर चकचकीत लॅमिनेशन काचेला चिकटतं. मागे आम्लविरहित बोर्ड. चिकटपट्टी, गोंद, डबल टेप काहीही नको, कोपऱ्यांना कागदी खाचा पुरतात. अतिनील किरण अडवणारी काच घ्या, पण ती लावली म्हणून खिडकीसमोर टांगू नका, कारण साधा उजेडही रंग खातो. आधी पिवळी आणि गुलाबी शाई उडते, निळी आणि काळी मागे राहते. निळसर पडलेलं कव्हर दिसलं की ते उन्हात होतं हे ओळखावं. मूळ प्रत महत्त्वाची असेल तर सरळ स्कॅन करून छापील प्रत टांगा.

स्कॅनची रीत: १२०० डीपीआय. छापील चित्रात ठिपक्यांची जाळी असते, समजा इंचाला १५० ओळी. म्हणजे एका ठिपक्याला ८ पिक्सेल. गॉसियन ब्लर ३ ते ४ पिक्सेल, मग ३०० डीपीआयवर आणा, मग हलकं शार्पन. ब्लर न करता थेट लहान केलं की लाटालाटांची नक्षी उमटते, आणि ती नंतर काढता येत नाही. अक्षरं मात्र स्कॅनमधली ठेवू नका, नव्याने टाइपसेट करा.

यावरूनच नंतरची आवृत्तीही ओळखता येते. दहापट भिंग घ्या आणि पुढच्या बाजूचं काळं अक्षर बघा. मूळ छपाईत त्याची कड धारदार आणि भरीव असते. कड ठिपक्यांची असेल तर ते कव्हर आधीच्या छापील कव्हरवरून स्कॅन करून काढलंय. फिक्या रंगाच्या अक्षरांवर ही परीक्षा घेऊ नका, ती मुळातच ठिपक्यांची असू शकतात. दुसरी खूण काटछाट: स्कॅनवरून केलेल्या कव्हरात कडेचे ३-४ मि.मी. गेलेले असतात. तिसरी आत डोकावून: जुन्या अमेरिकन पाकिटांत छापील कागद करड्या पुठ्ठ्यावर चिकटवून कडा आत दुमडलेल्या दिसतात, पुढे थेट पुठ्ठ्यावरच छापायला लागले.

कव्हरवर उमटणारं गोल वर्तुळ तबकडीच्या कडेच्या दाबाने येतं. उभी ठेवा, दोन बोटं सहज शिरतील इतकी सैल. आणि तबकडी आतल्या पाकिटासकट कव्हरच्या मागे, बाहेरच्या पिशवीत ठेवा, म्हणजे वर्तुळ येत नाही आणि शिवणही उलत नाही. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची. मऊ पीव्हीसीची नको, तिच्यातलं तेल सुटून छपाईवर धूसर थर बसतो.

चौकोनी

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. एक राहिलं: दुकानाचं किमतीचं स्टिकर समोरच चिकटलेलं असेल तर?

भिंगवाला

आधी बघा, कव्हर लॅमिनेटेड आहे की नुसता कागद. लॅमिनेटेड असेल तर हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, वीत-दीड वीत लांबून, अर्धा मिनिट. मग एका कोपऱ्यापासून, कव्हरला जवळपास समांतर ओढत, अगदी सावकाश. वर उचलून ओढलं की छपाई सोबत येते. राहिलेला चिकटा लायटरच्या पेट्रोलचा थेंब कापसावर घेऊन पुसा. आधी मागच्या कोपऱ्यात शाई सुटते का ते तपासा, आणि हे करताना ड्रायर बंद, खिडकी उघडी. लॅमिनेशन नसेल तर यातलं काहीच करू नका. कोऱ्या कागदात पेट्रोलबरोबर चिकटाही मुरतो आणि तेलकट डाग कायमचा राहतो. तिथे स्टिकर आहे तसंच असू द्या.